मठार

त्सुबामेत नोव्हेंबरचा पाऊस
बर्फ व्हावं की नाही, ते ठरवत ठरवत पडतो.
स्टेशनपासून चालत अकरा मिनिटं.
आत सहा उश्या, सहा ओंडके,
आणि तांब्याचा वास,
लहानपणी दातांत धरलेल्या नाण्यासारखा.

होसोकाई बाई वाकून काहीतरी म्हणाल्या.
हारुनाने, कॉलेजातली दुभाषी, जरा घाबरतच सांगितलं:
पेला तयारच आहे. तुम्ही फक्त ठोके द्यायचे.

मला वाटलं होतं, चकतीतून पेला मीच काढणार,
तीन तासांत, साडेचार हजार येनमध्ये.
चकतीचा पेला व्हायला चार दिवस, बाई म्हणाल्या,
आणि त्याआधी ठोका चुकू नये म्हणून दहा वर्षं.
ती तिकिटात धरलेली नाहीत.
ओसाकाचं जोडपं सगळ्यांत मोठ्याने हसलं.

ओंडक्याला भोक, भोकात रोवलेला लोखंडी दांडा,
त्याच्या टोकाला म्हणतात पक्ष्याची चोच.
पेला चोचीवर उपडा घालायचा आणि फिरवायचा.
हातोडी एकाच जागी पडते,
भांडं तिच्याखालून सरकत जातं.
मी नेमकं उलटं करत होतो:
पेला घट्ट धरून हातोडी त्याच्यामागे सैरावैरा,
घरात घुसलेल्या उंदरामागे धावल्यासारखी.

आमच्याकडे याला शब्द आहे, मी हारुनाला म्हटलं, मठारणं.
भांड्याला अंगभर खळ्या पाडणं.
आणि गोष्ट लांबवत बसणाऱ्यालाही आम्ही म्हणतो,
मठारतोय.
बाईंना ते फार आवडलं.
मग आमचं अख्खं गाव मठारतंय, म्हणाल्या,
पणजोबांपासून.

मी धंद्याने कान तपासतो.
बंद खोलीत माणूस बसवतो, बारीक शिट्टी वाजवतो,
ऐकू आली की बटण दाबा, म्हणतो.
त्यामुळे दहा मिनिटांतच लक्षात आलं:
डावीकडून कुणी बोललं
की बाईंचं हसू अर्धा क्षण उशिरा पोचतं.
चार हजार हर्ट्झला खड्डा असणार, मनात म्हटलं.
आणि राहवलं नाही, विचारलंच,
कानात बोळे का नाही घालत?
परमुलखात जाऊन आपलं दुकान मांडल्यासारखं.

हारुनाचे गाल लाल झाले. तरी तिने विचारलं.
डावा तांब्याला दिला, बाई म्हणाल्या,
उजवा नातवंडांना.
नवऱ्याने काय उरलं ते बघून घ्यावं.

मग त्या पाठमोऱ्या बसून मुळा किसू लागल्या,
आणि मान न वळवता म्हणाल्या,
तिसरा ओंडका. ठोका तिरका पडतोय.
तिसरा माझा.

उठून आल्या. माझा तळवा ओंडक्यावर दाबून धरला,
आणि स्वतः दोन ठोके दिले, एक सरळ, एक तिरका.
सरळ ठोका मनगटाशी येऊन बसला.
तिरका कोपरापर्यंत खाजवत गेला.
बावीस वर्षं मी आलेख काढतोय.
त्या कागदावर या वाटेला रकाना नाही.

शेवटी पेल्याला किसलेला मुळा फासला,
मग उकळत्या हिरवट पाण्यात सोडला.
मुळ्याने काय होतं?
डाग पडत नाहीत.
का पडत नाहीत?
सासऱ्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.
बाहेर आला तेव्हा
भाजलेल्या चिंचोक्याचा रंग चढला होता.

एक पट्टा कोराच राहिलाय, काठाखाली बोटभर.
बाईंनी तो पाहिला, अंगठ्याने चाचपला,
आणि तसाच वर्तमानपत्रात गुंडाळला.

फलाटावर मी लोखंडी खांबाला तळवा लावून उभा राहिलो,
गाडी आधी हाताला कळते का बघू म्हणून.
काही कळलं नाही. खांब गार होता.
शेजारच्या शाळकरी मुलाने एकदा माझ्याकडे पाहिलं,
मग त्यानेही हात लावला.