दुसऱ्यातून तिसऱ्यात

इलीन ट्वेट गाडी घेऊन आली ती ऑगस्टमध्ये,
नॉर्थ डकोटातली सगळी सूर्यफुलं
भर दुपारीही पूर्वेकडेच तोंड करून उभी होती.
"दुसरा सोडतो," म्हणाली, "तिसरा धरत नाही.
तेवढा वेळ मी कुठल्याच गिअरमध्ये नसते."
इंजिन उगाच हंबरतं,
आणि पिकअप ओल्या साबणावरून
सरकावी तशी सरकते.
मागे चोवीस पेट्या, पट्ट्यांनी आवळलेल्या.
दहाएक लाख जीव. वाहतूक नेहमी रात्रीची.

ऑरिनकाका म्हणाले, सोपं आहे.
कारखान्यानं या गाड्या मऊ करून ठेवल्यात,
गिऱ्हाइकाच्या हातातली कॉफी सांडू नये म्हणून.
मग दर बदलाला क्लचच्या चकत्या
एकमेकींवर घसरत राहतात,
जळतात थोड्या थोड्या,
कुणाला काही जाणवत नाही,
आणि दोन लाख मैलांवर एक दिवस चढाला गाडी उभी.
"बसू दे की धक्का. निदान कळतो तरी."

इलीन म्हणाली, "मला चालेल.
त्यांना नाही चालणार."

पॅन खाली घेतलं.
लाल असायला हवं ते ऑइल तपकिरी,
करपलेल्या टोस्टच्या वासाचं.
चुंबकावर लोखंडाची लव,
उंदराच्या पिल्लाच्या पाठीसारखी.
वर व्हॉल्व्ह बॉडी: वाळवीनं लाकूड कोरावं
तसे नुसते बोळ, बोळातून बोळ.
पोलादाच्या बारक्या गोळ्या
व्हॅसलीन लावून मी एकेक आपापल्या घरात चिकटवल्या.
एक निसटली, बाकाखाली गेली,
ती शोधण्यात अर्धा तास.
काका म्हणाले, तिसऱ्याचं भोक मोठं कर,
पेन्सिलच्या शिशाहून चांगलं जाड.
मी धाकटं ड्रिल उचललं.
त्यांनी पाहिलं. बोलले नाहीत.
रेडिओवर गव्हाचे भाव चालले होते.
स्प्रिंग मात्र त्यांच्या मनासारखी घातली, कडक.

"आता केबलवर खेळ," जाताना म्हणाले,
"पण तीन टिचक्यांपलीकडे सोडू नकोस.
पुढे गेलीस की चकत्या पुन्हा जळायला लागल्याच समज."

संध्याकाळी एकच पेटी चढवली.
इलीन मागे हौद्यात, मांडी घालून,
कान लाकडाला लावून.
जोरात वाटलं तर काचेवर ठोकेन, म्हणाली.

पहिला. दुसरा.
तिसरा पडला तो पाठीत रट्टा बसावा तसा.
टक टक टक.
"आवाज चढला त्यांचा," ती म्हणाली,
"खाली यायला मी वीस मोजले."
बॉनेट उघडलं, एक टिचकी सोडली.
पुन्हा तोच रस्ता, मैलभर सरळ, मग चौक,
मग मैलभर सरळ.
टक टक. बारा मोजले.
आणखी एक. टक.
सात.

तिसरी टिचकी सोडताना मनगटावर
कुणीतरी डंख मारलाच.
चोखत चोखत सुकाणूवर बसले.
पहिला. दुसरा. आता दुसरा सुटतोय,
आता ती पोकळी यायची, पायाखाली वाट पाहिली,
आली नाही.
दार लोटावं आणि कडी आपसूक पडावी
तसा तिसरा लागला.
मी काचेकडे कान लावून.
काही नाही.
आरशात पाहिलं: ती तशीच,
डोळे मिटलेले, तळवा पेटीवर.
चौक आला. मी थांबले नाही,
पुढचाही मैल तसाच घेतला.

काकांनी दुसऱ्या दिवशी स्वतः चालवून पाहिली.
"मऊच आहे अजून," म्हणाले,
बिलातून मात्र काही कापलं नाही.

बॉनेटच्या आतल्या अंगाला
पांढऱ्या पेनानं मी लिहून ठेवलंय,
पुढे जो कुणी उघडेल त्याच्यासाठी:
केबल तीन टिचक्या सैल आहे.
मुद्दाम आहे. घट्ट करू नका.
मागे कुणीतरी झोपलेलं असतं.