सही जुळत नाही

भाचा मोबाईलवर आलेख दाखवतो.
एकच रेघ. डावीकडे जमिनीला टेकलेली,
उजवीकडे एकदम उभी,
हरिपूरचा घाट कुणी एका दमात चढावा तशी.
"मावशी, सत्त्याऐंशी साली शंभर शेअर, दहा रुपयांचा एक.
चौऱ्याण्णवला एकास एक बोनस,
मग दहाच्या एकाचे दोनाचे पाच,
मग पुन्हा एकास एक.
हजाराचे आज बारा लाख ऐंशी हजार.
सदतीस वर्षं, वर्षाला एकवीस टक्के,
लाभांश तर धरलाच नाही.
याला म्हणतात धीर."

मी हो म्हणते.
पोर शिकतंय, मोडता कशाला घाला.

त्याचे आजोबा, माझे दादा:
भूपाल आदगोंडा मगदूम,
सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत्याकडे दिवाणजी.
हळदीचा भाव रुमालाखाली बोटांत ठरायचा,
दादा तो वहीत उतरवायचे.
कॉलरला कायम पिवळी कड.
सायकलसाठी साठवलेले हजार
त्यांनी एका हॉटेल कंपनीच्या फॉर्मला लावले
आणि पुढची अकरा वर्षं
गावभागातून यार्डापर्यंत पायी गेले.

हॉटेल कंपनी!
आणि दादा दिवस मावळल्यावर
पाण्याचा घोट न घेणारे.
कांदा नाही, लसूण नाही, बटाटासुद्धा नाही.
कंपनीचा सगळा गल्ला मात्र रात्रीचा.
दरसाल अहवाल यायचा, गुळगुळीत कागदाचा,
त्यात मेणबत्त्या, उंच ग्लास,
परातीएवढ्या ताटलीत मुठीएवढा भात.
दादा चष्मा लावून बघायचे,
परक्याच्या लग्नातला अल्बम बघावा तसे.
"मालक आहात ना," आई म्हणायची,
"मग सांगा त्यांना, भात वाढा जरा."

दोनदा पूर आला.
पाणी कपाटाच्या दुसऱ्या खणापर्यंत,
कागद चौथ्या खणात.
यातही भाचा धीर मोजतो.

वारसनोंदीसाठी दाखले शोधताना
त्याच खणात मला एक पाकीट सापडलं.
मार्च दोन हजार एक.
दादांनी भरलेला विक्रीचा फॉर्म,
दोनशे शेअर, भाव सव्वीस,
आणि त्याला टाचलेली रजिस्ट्रारची चिठ्ठी:
सही जुळत नाही. सबब परत.

सत्त्याण्णवला थप्पी कोसळली होती,
एक पोतं उजव्या मनगटावर.
तेव्हापासून भूपालमधला भ
वळणावर अडखळायचा, पुढे जायचाच नाही.
पाकिटातच एक कोरा कागद होता. कोरा कसला,
दोन्ही बाजूंनी जुनी सही गिरवलेली,
चाळीसएक वेळा,
शेवटच्या चार ओळींत तर नुसतेच भ.

बँकेत जाऊन मॅनेजरसमोर
"ही माझीच सही" म्हणायचं होतं, बस.
ते गेले नाहीत.
आयुष्यभर दुसऱ्यांचे आकडे बिनचूक लिहिलेला माणूस.

त्या महिन्यात मिरजेला आईचं पित्ताशय काढलं.
तिच्या हातातल्या पाटल्या गेल्या.
आम्हाला सांगितलं, सैल झाल्या होत्या.
मला ते खरं वाटलं, ती वाळलीच होती तेवढी.
त्या पाटल्यांचा आलेख
मी भाच्याला मागितलेला नाही.
त्यात किती टक्के कुणाचा धीर,
किती संकोच, किती मोडलेलं मनगट,
हे कुठल्या रकान्यात भरतात?

माझी सही जुळली. तीन प्रतींत, पहिल्या फटक्यात.

काल विश्रामबागला गेले, कंपनीच्या नव्या शाखेत.
मुद्दाम साडेपाचला, ऊन भिंतीवर असताना.
खुर्च्या अजून टेबलांवर उलट्या होत्या.
फरशी पुसणारा पोरगा म्हणाला,
"जेवण सातनंतर, ताई."
म्हटलं, असू दे. पाणी मिळेल?
त्याने एक खुर्ची उतरवून दिली.
मी ग्लास हातात धरून खिडकीबाहेर पाहिलं,
सूर्य अजून किती वर आहे ते,
आणि पाणी प्यायले.