दोन कर्ण

वेल्गानं आणले तेव्हा
दोन्ही ऑस्कर मासे नाण्याएवढे होते.
आता जुन्या टाकीत वळताना शेपटी काचेला घासते.
म्हणून नवी टाकी मागवली, दोन मीटर लांब,
आणि मग ध्यानात आलं
की तिला पेलेल असं घरात काहीच नाही.
सातशे वीस लिटर पाणी, काच, वाळू, दगड :
बेरीज टनाच्या आसपास जाते.
आणि लिएपायात माझ्या ओळखीचं वेल्डिंग मशीन एकच,
जिंतार्सकडचं.

जिंतार्स माझा थोरला भाऊ.
वडिलांची होडी मी विकली त्या उन्हाळ्यापासून
बोलणं बंद.
एकाच ट्रामच्या दोन टोकांना राहतो आम्ही.

मशीन दे, म्हणून निरोप धाडला.
मशीन आलं, ते ढकलत तोही आला.
"उसनं देत नाही मी हे," एवढं बोलून
शेडचं दार खांद्यानं उघडलं.

पन्नास बाय पन्नासची चौकोनी नळी, जाडी तीन.
पोलादाच्या कारखान्यात एकोणीस वर्षं काढलीत त्यानं,
कारखाना बंद पडला, सवय नाही पडली.
प्रत्येक नळी एक डोळा मिटून बघायचा,
वाकडी दिसली की बाजूला.
माणसांशी एक घाव दोन तुकडे,
लोखंड मात्र तीनदा मोजल्याशिवाय कापत नाही.

"पाय बाजूला चिकटवू नकोस. चौकटीच्या खाली दे.
वजन लोखंडातून लोखंडात उतरू दे.
वेल्डनं धरायचं, पेलायचं नाही."
हे त्या दिवसातलं त्याचं सगळ्यात लांब भाषण.
बाकी आम्ही मिलिमीटरमध्ये बोललो.
"सातशे."
"सातशे एक आहे."
"मग घास."

चौकट टाक्यांवर उभी राहिली.
त्यानं कर्ण मोजले.
एक दोन हजार शहाऐंशी,
दुसरा दोन हजार नव्वद.
मी म्हटलं, चार मिलिमीटर कोणाला दिसतायत,
वरून फळ्या लागणार आहेत.
"इथले चार पायांत उतरतात," तो म्हणाला,
"आणि पायांतला पीळ काचेत चढतो."
दोन टाके घासून काढले, पट्टा आवळला,
पुन्हा मोजलं, पुन्हा आवळलं.
अंधार पडला तेव्हा दोन्हींकडे अठ्ठ्याऐंशी.

शेवटचं एक भोक काही केल्या बुजेना.
आतली तापलेली हवा
वितळलेला थेंब बाहेर फुंकून टाकायची.
मी पुन्हा तोंडावर मुखवटा ओढला.
"थांब. गरम असताना बंद करायला जाऊ नये."
मग बसलो दोघं उपड्या बादल्यांवर.
समुद्राकडचा वारा पत्र्याला हिसके देत होता.
थर्मासचं झाकण एकच, तेवढ्यातच चहा.
"किती आले होडीचे?"
मी आकडा सांगितला.
"कमी आले."
मग उठून त्यानं भोक बुजवलं.

पुढचं काम माझं.
वेल्ड घासले, ॲसिटोननं पुसले,
लाल प्रायमर, त्यावर काळ्या रंगाचे दोन हात,
मध्ये एक रात्र.
तिसऱ्या पायाच्या आतल्या अंगाला एक ओघळ राहिला.
वेल्गाला तो बोटानं सापडला. म्हणाली, असू दे.

लाकडी घर आमचं. फळ्यांखालच्या तुळया
कुठून कुठे जातात ते ठोकून पाहिलं,
स्टँड त्यांना आडवा लावला,
पाणसळीतला बुडबुडा मधोमध आणला,
वर फोमची चटई, तिच्यावर टाकी.
दोन दिवस पाणी भरत होतो.
फरशीची फळी एकदा कुरकुरली.
आम्ही दोघंही श्वास धरून उभे.
पुन्हा नाही कुरकुरली.

तिसऱ्या दिवशी न बोलावता तो आला.
कोट न काढता पोटावर झोपला,
टॉर्चच्या उजेडात चारही पायांखाली तळहात फिरवला.
वर मोठा ऑस्कर उजेड बघून काचेशी आला,
तोंड उघडझाप करत राहिला.
"कोरडं आहे," जिंतार्स म्हणाला,
बहुतेक माशालाच.

मशीन अजून माझ्या शेडमध्ये आहे.
मी पोचवलेलं नाही.
तो मागत नाही.