बाकी

हिंदुराव लोहार, तासगाव डेपो, बिल्ला चारशे सात,
निवृत्त.
आमची एकही मॅच त्यानं चुकवली नाही
आणि आम्ही दुसऱ्या फेरीपुढं कधी गेलो नाही.

बेदाण्याच्या शेडमागं मैदान,
हॅलोजनभोवती किडे,
रेषेला चिकटून तो, खाकी शर्टातच,
मांडीवर तिकिटांची पत्र्याची पेटी,
डेपोत मशिनं आली तेव्हा
भंगारातनं सोडवून आणलेली.

गडी चढाईला निघाला की
एक तिकीट फाडायचा,
चिमट्यानं टक् करून भोक पाडायचा
आणि श्वास धरायचा.
स्वतःचा.
गडी परत येईस्तोवर.

पोरं त्याच्या फुगल्या गालांची नक्कल करायची.
मिरजेच्या डॉक्टरनं बजावलेलं,
एक फुप्फुस डिझेल आणि धुरळ्यानं खाल्लंय,
जिना चढताना दोनदा थांबा.
तो थांबायचा.
जिन्यात.

आमचा गडी बाद झाला की ओरडायचा,
"उतरा, उतरा, मागनं गाडी हाय!"
तेवढ्यात भरून घ्यायचा
पुढच्या खेपेचा दम.

गेल्या साली कवठ्यात, कसं कोण जाणे, सेमीफायनल.
शेवटची चढाई माझी, एका गुणानं मागं.
त्यांचा डावा कोपरा हललेला,
पाऊल टाकलं की बोनस, बरोबरी.
मी वळून पाहिलं.
का पाहिलं?
हिंदुरावचे ओठ जांभळं खाल्ल्यासारखे,
डोळे माझ्या पायावर.

परतलो. रिकामा.
हरलो, पण वाटलं, जीव वाचवला माणसाचा.

त्यानं दम खाल्ला, पेटी मिटली, म्हणाला,
"तुला कुणी सांगितली बेल मारायला?
बेल कंडक्टरची असती."

वर्षभर बोलला नाही.
सोमवारच्या बाजारात समोर आलो तर
द्राक्षांच्या ट्रकचे नंबर वाचत उभा राहायचा.

यंदा पहिल्याच मॅचला आला.
वरच्या खिशात, पेन असायचं तिथं,
आता दम्याचा पंप.
मी गुडघ्याला पट्टी बांधत होतो,
न बोलता एक तिकीट पुढं केलं,
मळकं, गेल्या सालचं, कवठ्याचं.
मागं निळ्या पेनानं, सुट्टे नसले की लिहायचा तसंच:
बाकी, एक गुण.

मोज्यात सरकवलं.
रेषा ओलांडली तेव्हा
मागनं टक् झालं,
आणि सगळं मैदान ओरडायला लागलं,
एक माणूस सोडून.