शेऱ्याचा रकाना

कासारी नदीच्या कुरणात मी मे महिन्यात आलो
पाणलाव्यासाठी.
आमच्या एस्टोनियात त्याला आभाळातला बोकड म्हणतात,
कारण तो नुसत्या गळ्यावर भागवत नाही.
उंच जाऊन स्वतःला सोडून देतो
आणि शेपटीची कडेची पिसं वाऱ्यात बें बें करतात.
तीन पहाटा मिळाल्या, तिन्ही नासल्या.
पहिलीत हेलसिंकीकडे निघालेलं विमान.
दुसरीत विजेच्या कुंपणाची टक्. टक्. टक्.
सेकंदाला एक, चुकूनही न चुकणारी.
तिसरीत वायके.

वायके म्हणजे आमच्या भाषेत शांत.
ज्यांनी हे नाव ठेवलं
त्यांनी तिला बोलताना ऐकलं नव्हतं.
बादली, गमबूट आणि गाईशी सविस्तर भांडण:
काल कुठे उलथली होतीस, आज कुठे बघतेस,
आणि हा कोण मेला झुडपात मांजर घेऊन बसलाय?
(मांजर म्हणजे माझा मायक्रोफोन.
वारा लागू नये म्हणून त्याला केसाळ टोपडं.)
मी फाइलला नाव दिलं: खराब ३.
पुसली मात्र नाही. आळस, दुसरं काय.

ऑगस्टमध्ये परत गेलो, नाकतोड्यांसाठी.
कापणी झाली होती, बांधाकडचं तेवढं गवत उभं.
ती कुंपणाशी आली.
"कुठे गेले रे सगळे?
चार उन्हाळे झाले, एक नाही.
पलीकडचे मोहरीवर काय काय फवारतात,
मेले असणार."
आणि मी उभा होतो
गुडघाभर किरकिरीत.
हजारो. अख्खं कुरण तळलं जात होतं.

मी काही बोललो नाही.
माणसाचा कान वरून झिजत येतो:
आधी नाकतोडे जातात, मग चिमुकले पक्षी,
मग बोलण्यातला स, मग श.
गाय सगळ्यात शेवटी.

तिच्या स्वयंपाकघरात, डोक्याच्या रुमालावरूनच
हेडफोन चढवले.
जसंच्या तसं वाजवलं.
"सुरू कर की," ती म्हणाली.
सुरूच होतं.
मग वेग निम्मा केला. त्याचाही निम्मा.
एक नाकतोडा एकेक पायरी उतरत
तिच्या कानाच्या उंबऱ्यापर्यंत आला.
ती दचकली. ऐकत राहिली.
इतका वेळ गप्प मी तिला पहिल्यांदाच पाहत होतो.

"हे लाकूड कोण कापतंय?"
"नाकतोडा आहे, वायके."
"मला शिकवतोस?"
हेडफोन काढून तिने पावाच्या टोपलीत ठेवले,
समोरच्या दोन दातांच्या फटीला जीभ लावली
आणि डोळे मिटून
नाकतोडा केला.
बारीक, कोरडा,
तीनदा घाई, एकदा विचार,
पुन्हा तीनदा घाई.
खिडकीबाहेरचा एक थांबला.
ढग आला असेल.

मांजर टेबलावर पडून होतं,
त्याचा लाल दिवा चालू.
मुद्दाम नाही.
बरं, मुद्दाम.

संग्रहाचा फॉर्म भरायला बसलो तेव्हा रात्र झाली होती.
स्थळ: कासारीचं कुरण, उत्तरेचा काठ.
वारा: नाही. तापमान: एकोणीस.
अंतर: हातभर.
प्राण्याची जात: इथे चहा गार झाला.
शेवटी नाकतोडाच लिहिलं.
शेऱ्याच्या रकान्यात लोक लिहितात विमान,
ट्रॅक्टर, लांबचा कुत्रा.
मी लिहिलं:
मागे, खिडकीतून, अधूनमधून
खरे नाकतोडे ऐकू येतात.
त्याबद्दल क्षमस्व.