माश्या बांधणारी

लोक माश्या मारतात, मी बांधते.
आकडे शेठचे, मेण माझं, दर डझनावर.
घोडपदेवच्या चढावर, दुसऱ्या मजल्याच्या खिडकीला
घड्याळजीचा जुना चिमटा आवळलाय,
डोळ्याला त्याचंच भिंग.

कोंबड्याच्या मानेचं पीस लागतं, पाठीचं चालत नाही.
इद्रीस चिकनवाला बाजूला काढून ठेवतो.
"भाभी, आज तांबडा होता," म्हणतो,
जणू स्थळच आणलंय.
पिसाचे तीन वेढे, शेपटीला चार केस,
पोटाला सशाची लव, डोक्याशी गाठ.
तिथे मी लाल दोऱ्याचा एक वेढा जास्त घेते.
शेठना ठाऊक नाही.

खरी माशी एकच दिवस जगते, बेहराम शेठ सांगतात,
तिला खायला तोंडसुद्धा नसतं.
मी रोज चाळीस जन्माला घालते.
एखादी वाकडी झाली की ते उजेडात धरून
कुठे शिंकली ते शोधतात.

नदी मी पाहिलेली नाही. तीर्थन, वर हिमाचलात.
पाण्यात पाय घातला की म्हणे हाड ठणकतं.
माणूस कमरेएवढ्या धारेत उभा राहून
दोरी मागे नेतो, पुढे सोडतो,
माशी पाण्यावर टेकते,
ठिपक्यांचा ट्राउट वर येऊन फसतो.
मग माणूस हात ओले करतो, आकडा काढतो
आणि त्याला सोडून देतो.

सासू बोंबील साफ करत होती. थांबली.
पन्नास वर्षं भाऊच्या धक्क्यावर पाटी तिची.
"एवरा खर्च करून सोरून देतान?
काय सांगतान त्याला, जा, उद्या ये?"
हसता हसता तिला ठसका लागला.

गेल्या शनिवारी शेठनी पाकीट दिलं.
गिऱ्हाइकाने नमुन्याला पाठवलेली एक माशी,
पीस फाटलेलं, शेपटीचे दोनच केस.
"हिच्यावर सात लागले. अशाच दोनशे जोईए."
डोक्याशी लाल वेढा तसाच.
आकड्याच्या बाकात एक खवल,
मोहरीहून लहान. भिंगाखाली
त्यावर वर्तुळं होती, एकात एक.

रात्री सासूच्या तळव्यावर ठेवली.
तिने दिवा मागितला नाही. नाकाशी नेली,
बराच वेळ.
"दर्याचा नाय," म्हणाली.
मग म्हणाली, "थंडी वाजते त्याला,"
आणि मूठ मिटली,
आकडा आत असताना.