चौदा दिवस फुकट

शेफील्डमध्ये मंगळवारी रात्री
तिसरं सॉफ्टवेअर उघडून बसलेय.
गुरुवारी चौघं फासे घेऊन येतील,
त्याआधी अख्खं जग मांडायचंय.

पहिल्यात नकाशे देखणे, पण नदी हलवली
की गावं मागेच राहतात.
दुसरं माझ्याच राक्षसांचं
दरमहा सहा पौंड भाडं मागतं.

हे बरं आहे. सगळं विचारतं :
राज्य, वंश, कुणाचं कुणाशी वैर.
वहीतून एकेक उतरवतेय.

पान चाळीस. रीसचा आचारी.
लढाईत त्याचा काडीचा उपयोग नव्हता,
पण उपाशी कुणी झोपलं नाही.
रीस मार्चपासून येत नाही; कार्डिफला नोकरी.

रकाना विचारतो : जिवंत की मृत?
तिसरा पर्याय नाही.

वहीत पेन्सिलीनं लिहिलंय :
पीठ आणायला गेलाय.